प्राँगहॉर्नच्या शिकारीला काडतूस कोणतं घ्यावं आणि झिरो किती यार्डांवर करावं?

प्रश्न ह्यूस्टनहून आलाय. थोडक्यात असा: ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यासाठी वायोमिंगमध्ये प्राँगहॉर्नचे (अमेरिकेच्या माळावरचा हरणासारखा प्राणी) दोन परवाने मिळालेत, एक नराचा आणि एक मादीचा. रायफल ६.५ क्रीडमूर जातीच्या काडतुसाची, वर तीनपट ते नऊपट मोठं दाखवणारी ३-९ ची दुर्बीण. दुकानातला माणूस म्हणाला, माळावर लांबून मारावं लागतं, जास्त जोराची .३०० मॅग्नम घ्या. मित्र म्हणतो, तांब्याचीच गोळी वापर. आणि रेंजवरचे, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावरचे, निम्मे लोक १०० यार्डांवर झिरो करायला (त्या अंतरावर नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी दुर्बीण जुळवायला) सांगतात, निम्मे २०० वर. खरं काय मानायचं?

रायफल बदलू नका. दोन्ही प्रकारच्या गोळ्या चालतील. झिरो २०० वर करा. पण या तीन गोष्टींनी शिकारीत फारसं बिघडत नाही. बिघडतं ते दोन कारणांनी: ज्या काडतुसावर झिरो केलं ते सोडून दुसरं घेऊन गेल्यामुळे आणि वाऱ्यामुळे. मी गेली सोळा वर्षं कोलोरॅडोच्या उत्तर टोकाला राहतो, तिथून दरवर्षी वायोमिंगच्या माळावर जातो, आणि या दोन्ही चुका स्वतः करून बसलोय.

आधी सावज समजून घ्या, म्हणजे दुकानदाराच्या सल्ल्याचं काय करायचं ते आपोआप कळेल. प्राँगहॉर्नला सगळे अँटिलोप म्हणतात, पण तो खरा अँटिलोप नाही. त्याच्या कुळात तो एकटाच उरलाय आणि आजच्या प्राण्यांत जवळचे नातेवाईक म्हणाल तर जिराफ आणि ओकापी. शिंगांवरचं आवरण दरवर्षी गळतं आणि नवं येतं. खरा अँटिलोप म्हणजे आपला काळवीट. मी कर्जत तालुक्यातला, रेहेकुरीच्या माळावर काळविटांच्या उड्या बघत वाढलो, त्यामुळे प्राँगहॉर्न पहिल्यांदा पाहिला तेव्हा चुकल्यासारखं झालं. हा पठ्ठ्या उडी मारतच नाही! तारेचं कुंपण आलं की खालून सरपटत जातो. पळतो मात्र ताशी ५५ मैलांच्या पुढे. (जाता जाता: तुमच्या टेक्सासातच काळवीट आहेत, गेल्या शतकात एडवर्ड्स पठारावर आणून सोडलेले, आणि खासगी रँचवर पैसे भरून त्यांची शिकार करता येते. भारतात १९७२ च्या कायद्याने काळविटाला हात लावता येत नाही, इथे लावता येतो. मी लावला नाही, लावणारही नाही. ते माझ्यापुरतं.)

तर हा प्राणी अंगाने लहान. मोठा नर ५०-५५ किलोचा, मादी ४०-४५ ची. कातडी पातळ, हाडं बारीक. पाठीपासून छातीच्या खालच्या कडेपर्यंत उंची साधारण १४ इंच, आणि हृदय-फुप्फुसांचा भाग जेमतेम ८ इंच रुंद, जेवणाच्या ताटापेक्षा लहानच. याला पाडायला जोर लागत नाही, नेम लागतो. .३०० मॅग्नमने जो दणका बसतो त्याने नवा माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो आणि खांदा आक्रसतो. वायोमिंगच्या नियमात या सावजासाठी किमान मर्यादा .२२ कॅलिबरची (नळीच्या भोकाचं माप) सेंटरफायर रायफल, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या मधोमध कॅप असलेली, आणि ६० ग्रेन वजनाची गोळी एवढीच आहे. मी इतक्या खाली जाणार नाही, पण त्यावरून अंदाज घ्या. .२४३ विंचेस्टर, .२५-०६, .२७०, .३०८, तुमची ६.५ क्रीडमूर, सगळ्या पुरून उरतात.

आता गोळी. काडतूस म्हणजे पितळी नळकांडं, त्यात दारू, बुडाला कॅप आणि तोंडाशी गोळी. ग्रेनमध्ये जे वजन लिहिलेलं असतं ते फक्त गोळीचं. ७००० ग्रेन म्हणजे एक पौंड, त्यामुळे १४३ ग्रेनची गोळी सव्वानऊ ग्रॅमची. तुमच्या रायफलीसाठी दुकानात मुख्यतः दोन जाती दिसतील. एक शिशाची, वरून तांब्याचं कवच आणि टोकाला प्लॅस्टिकची चोच: हॉर्नाडीची १४३ ग्रेनची ईएलडी-एक्स हे तिचं ठळक उदाहरण, सुटताना वेग सेकंदाला २७०० फूट. दुसरी अख्खी तांब्याची, बार्न्सची १२० ग्रेनची टीटीएसएक्स किंवा तशाच दुसऱ्या कंपनीच्या, वेग २९०० च्या आसपास. पूर्ण धातूचं कवच असलेली, टार्गेटवर मारायची गोळी शिकारीला अजिबात नको. ती न फुलता सुईसारखी आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन मैलभर लांब जाऊन मरतं.

शिशाची गोळी लवकर फुलते आणि फुटतेही. लांबवर वेग कमी झाला तरी काम करते, वाऱ्यात कमी वाहते. पण तिचे बारीक कण जखमेच्या कितीतरी बाहेरच्या मांसात जातात, डोळ्यांना दिसतही नाहीत. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून वन्यप्राण्यांच्या शिकारीत शिशाच्या गोळीवर बंदीच घातली. त्यामागचं मोठं कारण काँडर गिधाडं, शिकाऱ्यांनी टाकलेली आतडी खाऊन ती मरत होती. वायोमिंगात अशी बंदी नाही. माझ्या घरात मात्र दोन लहान मुलं तेच मांस खातात, म्हणून सहा वर्षांपासून मी तांब्यावर आहे. तांब्याची गोळी फाकते, पण तुकडे होत नाहीत, आणि अशा हलक्या सावजातून हमखास पलीकडे निघते. तेव्हा सावजाच्या मागे दुसरं जनावर उभं असेल तर बार टाकायचा नाही. प्राँगहॉर्न कळपाने राहतात, त्यामुळे हा प्रसंग दर तासाला येतो. मादीच्या परवान्यावर तर जास्तच, कारण माद्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात. गोळी कोणतीही असो, एक वेगळी उभी राहीपर्यंत थांबायचं.

दोन्हींतली जी तुमच्या रायफलीतून नीट जाते ती घ्या. ते कसं कळणार? दोन्हींचा एकेक डबा आणून. प्रत्येक नळीची आवड वेगळी. माझ्या .२७० ला एक महागडी काडतुसं दिली तर १०० यार्डांवर तीन इंचांत पसरतात, आणि वाण्याच्या दुकानात मिळावीत अशी साधी दिली तर एका रुपयाच्या नाण्यावर बसतात.

एकदा पसंती ठरली की त्याच लॉटचे, म्हणजे डब्यावर छापलेला क्रमांक एकच असलेले, पाच डबे एकदम घ्या. हे वाक्य मी गंमत म्हणून लिहीत नाहीये. माझ्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. उन्हाळाभर रेंजवर १३० ग्रेनच्या गोळीवर .२७० झिरो केली, ग्रुप (कागदावर गोळ्या किती जवळ जवळ बसतात तो) सुंदर, मी खूश. निघायच्या दिवशी पाहिलं तर सातच काडतुसं उरलेली. वाटेत एका दुकानात थांबलो. माझी कंपनी नव्हती, पण दुसऱ्या कंपनीची १३० ग्रेनचीच होती. ग्रेन तेच म्हणजे सगळं तेच, असं मनाशी म्हणत डबा उचलला. जुनी सात जपून ठेवायच्या नादात मॅगझिनमध्ये नवीच भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी नर मिळाला, १८० यार्डांवर, आडवा, मी पालथा झोपून बॅगेवर रायफल टेकवलेली. यापेक्षा सोपा बार नाही. चाप ओढला आणि त्याच्या छातीखाली धूळ उडाली. तो दोन पावलं सरकून पुन्हा उभा राहिला. दुसरा बार, पुन्हा तिथेच धूळ. मग तो गेला तो गेलाच. दुपारी खोक्यावर कागद लावून १०० यार्डांवर तीन बार टाकले: तिन्ही गोळ्या एका जागी, जवळजवळ चार इंच खाली आणि दोन इंच उजवीकडे. रायफल चोख होती, दुर्बीण चोख होती. दारू वेगळी, वेग वेगळा, नळीचा थरथराट वेगळा. पोटाखालून गेल्या म्हणून बरं. दोन इंच वर असत्या तर तंगडी तुटलेलं जनावर घेऊन ते माळरान पालथं घालावं लागलं असतं.

त्या दुकानात आणखी एक धोका असतो. ६.५ क्रीडमूर, ६.५ पीआरसी, ६.५ ग्रेंडेल असे डबे शेजारी शेजारी मांडलेले असतात. नळीवर कोरलेलं नाव आणि काडतुसाच्या बुडावर कोरलेलं नाव तंतोतंत जुळलंच पाहिजे. नुसतं ६.५ जुळून उपयोग नाही.

झिरो करताना बहुतेकांची काडतुसं सुरुवातीलाच वाया जातात, म्हणून तो भाग जरा सावकाश सांगतो. घरीच आधी दुर्बिणीच्या कड्यांचे आणि खालच्या पट्टीचे स्क्रू तपासा. टॉर्कचा पेचकस मिळतो, तो वापरून उत्पादकाने दिलेल्या आकड्याइतकेच आवळा. मनगटाच्या अंदाजाने आवळलेले स्क्रू एकतर ढिले राहतात नाहीतर दुर्बिणीची नळी चेपते. रेंजवर पहिलं टार्गेट २५ यार्डांवर. रायफल वाळूच्या पिशव्यांवर घट्ट बसवा, बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, काढून बाजूला ठेवा आणि मागून नळीतून पाहा. नळीच्या गोल भोकात टार्गेटचा काळा ठिपका मधोमध आणा. आता रायफलला धक्का न लावता दुर्बिणीचे स्क्रू फिरवून क्रॉसहेअर, म्हणजे दुर्बिणीतली नेमाची फुली, त्याच ठिपक्यावर आणा. बोल्ट परत घाला, एक बार टाका. कागदावर लागणारच.

समजा गोळी दोन इंच खाली लागली. तुमच्या दुर्बिणीची एक क्लिक, म्हणजे स्क्रूचा एक टप्पा, गोळी १०० यार्डांवर पाव इंच सरकवते. २५ वर तीच क्लिक एक सोळांश इंच. म्हणजे दोन इंचांना ३२ क्लिक. नवखे इथे ८ क्लिक देतात आणि दुर्बीण बिघडली म्हणून परत करायला निघतात. स्क्रूवर 'वर' असा बाण असतो तो गोळी वर नेतो, क्रॉसहेअर नव्हे. २५ यार्डांवर गोळी ठिपक्याच्या अर्धा इंच खाली लागू द्या, कारण दुर्बीण नळीच्या दीड इंच वर बसलेली आहे आणि गोळी तिथून वर चढत जाणार आहे.

मग १०० यार्ड. इथे तीन बार टाका आणि तिघांचा मध्य काढा. एकेका गोळीमागे धावू नका. एक डावीकडे लागली म्हणून उजवीकडे फिरवलं, दुसरी वर लागली म्हणून खाली फिरवलं, की डबा संपतो आणि झिरो होत नाही. तिघांच्या मध्यावरून क्लिक द्या, मग पुन्हा तीन. शिकारीच्या रायफलीची नळी पातळ असते, तीन बारांत तापते, त्यामुळे मध्ये दहा मिनिटं थांबा. ह्यूस्टनच्या उन्हात तर पंधरा. १०० वर दीड-दोन इंचांचा ग्रुप या शिकारीला भरपूर झाला. आंतरजालावर लोक अर्ध्या इंचाचे फोटो टाकतात ते सोडून द्या.

१०० वर तिन्ही गोळ्या ठिपक्याच्या साधारण दोन इंच वर लागायला लागल्या की तुमच्या १४३ ग्रेनच्या गोळीचं झिरो २०० वर आलं. ३०० वर ती ८ इंच खाली पडते, ४०० वर पावणेदोन ते दोन फूट. २५० पर्यंत जेमतेम साडेतीन इंच. याचा अर्थ असा की जवळपासून २५० यार्डांपर्यंत काहीही हिशोब न करता छातीच्या मध्यावर क्रॉसहेअर ठेवायचं आणि चाप ओढायचा. ८ इंचांच्या जागेच्या बाहेर गोळी जात नाही. १०० चं झिरो ठेवलं तर २५० वर आठ इंचांच्या आसपास खाली जाईल, म्हणजे आकडेमोड करावी लागेल, आणि समोर शिंगाळा नर उभा असताना डोकं आकडेमोडीला तयार नसतं. प्रत्येक अंतरासाठी दुर्बिणीची डायल फिरवून मारणाऱ्यांना १०० चं झिरो बरं पडतं, तुमच्या साध्या ३-९ ला नाही. मात्र १०० वर दोन इंच वर लावून 'झालं २०० चं' असं म्हणून उठू नका. २०० यार्डांची रेंज शोधा आणि खात्री करा. तांब्याच्या गोळीचे आकडे थोडे वेगळे येतील, तेही कागदावरच पाहा.

झिरो झाल्यावर बाकावरून उठायचं. वायोमिंगात बाक नाही. उरलेल्यांतले दोन डबे पालथं झोपून बॅगेवर टेकवून, मांडी घालून बसून, शूटिंग स्टिक्सवर टेकवून वापरा. ज्या बैठकीतून जेवढ्या अंतरापर्यंत दहापैकी नऊ गोळ्या ८ इंचांच्या कागदी ताटलीत जातात ते त्या बैठकीचं तुमचं अंतर. पालथं २५० असेल आणि बसून १५० असेल, तर असेल. अंतर मोजायला लेझरचा रेंजफाइंडर हवाच, कारण सपाट माळावर ना झाड ना घर, डोळा फसतो. ४०० यार्डांवरचा नर २५० वर वाटतो.

आणि आता वारा. कॅस्पर, रॉलिन्स, लॅरामी, वायोमिंगच्या कुठल्याही गावी जा, वारा असतोच. ताशी १० मैलांचा आडवा वारा तुमची १४३ ग्रेनची गोळी ३०० यार्डांवर सुमारे ५ इंच वाहून नेतो, तांब्याची १२० ग्रेनची साडेसहा-सात. आणि १० मैल म्हणजे तिथे शांत सकाळ. २० मैलांचा असेल तर दुप्पट: छातीवर नेम धरलात आणि वारा शेपटीकडे वाहत असला तर गोळी पोटात. पोटात लागलेलं जनावर म्हणजे रात्रभराचा शोध. त्या माळावरची सेज नावाची झुडपं ताठ असतात, ती हलताना दिसली तेव्हा वारा आधीच १५ च्या वर गेलेला असतो, म्हणून खिशात मावणारं वारा मोजायचं यंत्र घ्या. माझा स्वतःचा नियम: २० च्या वर वारा असेल तर २०० यार्डांपलीकडे बार नाही. मग वाऱ्याच्या तोंडाशी फिरून जवळ जायचं, नाहीतर उद्या. पूर्वी मी ३०० च्या पुढे मारायचो, लागायचंही. ज्या दिवशी लागलं नाही त्या दिवसापासून सोडलं.

प्रवासाचं थोडक्यात. विमानात रायफल रिकामी, कुलूपबंद कडक पेटीत, काउंटरवर सांगून चेक-इन करायची. काडतुसं सहसा ११ पौंडांपर्यंत नेऊ देतात. वीसचा डबा पौंडभराचा, त्यामुळे दोन-तीन डबे आरामात जातात. तुम्ही ग्रीन कार्डवर आहात असं लिहिलंय म्हणून अडचण नाही. पण बरोबर येणारा मित्र एच-१बी वर असेल तर त्याला हे सांगा: त्या व्हिसावर बंदूकच काय, काडतूस बाळगायलाही संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे, अपवाद राज्याने दिलेला शिकारीचा वैध परवाना असण्याचा. त्याने आधी वकिलाशी बोलावं, मग रेंजवर यावं. जन्म १ जानेवारी १९६६ चा किंवा त्यानंतरचा असेल तर हंटर सेफ्टीचं, म्हणजे शिकारीतल्या सुरक्षिततेच्या शिक्षणाचं, प्रमाणपत्र लागतं, आणि अंगावर एक तरी कपडा भगभगीत नारिंगी किंवा गुलाबी.

तिथे पोचल्या दिवशी, ऊन उतरायच्या आत, कागदावर तीन बार टाकाच. ह्यूस्टन समुद्रसपाटीला, लॅरामी ७००० फुटांवर. विरळ हवेने २०० यार्डांपर्यंत काही फरक पडत नाही. फरक पडतो सामान फेकणाऱ्यांच्या हाताने. पहिली गोळी थंड नळीतून कुठे गेली ते वेगळं लिहून ठेवा, कारण सावजावर जाणारी तीच असते. त्यानंतर नळी साफ करू नका. नुकत्याच पुसलेल्या नळीतली पहिली गोळी बऱ्याचदा भलतीकडे जाते.

फिरताना दुर्बीण ९ वर ठेवू नका, ४ वर ठेवा. जवळून उठलेलं जनावर ९ वर सापडतच नाही. आणि पालथं झोपायच्या आधी खाली बघा. त्या माळावर निवडुंग जमिनीला चिकटून वाढतो, गवतात दिसत नाही. गुडघ्यांना पॅड, हाताला चामड्याचे मोजे, आणि बॅगेच्या वरच्या कप्प्यात, पटकन हाताला लागेल असा, एक चिमटा.